सिस्टरांची चिकाटी आणि दोन दिवसांचं शिबिर

"आजकालच्या नर्समध्ये चिकाटीच नाही, म्हणून नोकऱ्या सोडतात. दोन दिवसांचं प्रेरणा शिबिर घ्या, फरक दिसेल." असा मजकूर सगळीकडे फिरतोय, वर आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचं दिवा घेतलेलं चित्र. अशी शिबिरं मीही घेते, त्यावर माझी चूल पेटते. तरी हे पटत नाही.

चिकाटी नाही? नाइटच्या सिस्टरला बघा. सलाईन संपत आलंय, कोपऱ्यातल्या आजोबांनी कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) ओढून काढलाय, दारात नवी अ‍ॅडमिशन. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, पहिला प्रश्न काय, तर "चार्टिंग (पेशंटच्या नोंदी) अपुरं का?" आणि रात्री ती पुन्हा हजर.

दोष स्वभावावर टाकला की जास्त माणसं नेमायचा खर्च वाचतो, हे खरं. पण नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा २००२चा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास वेगळंच दाखवतो. सिस्टरमागे एक पेशंट वाढला, की तिला बर्नआउट (कामाच्या ताणाने पार गळून जाणं) असण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त. शस्त्रक्रियेचा पेशंट ३० दिवसांत दगावण्याची ७ टक्क्यांनी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९मध्ये बर्नआउटची व्याख्या कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाशी जोडली. स्वभावाशी नाही.

राहिलं "सेवा आहे, पगाराचं काय बोलता". सेवेने घरभाडं भागत नाही.

मग प्रशिक्षण वाया? मुळीच नाही, पण ते दोन दिवसांत उरकत नाही. शिकलेलं आणि वॉर्डातलं जुळत नाही म्हणून नव्या नर्सना बसणाऱ्या धक्क्यावर नर्सिंगच्या अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४मध्येच लिहिलंय. तो धक्का भाषणाने जात नाही. एका नव्या मुलीला शीर मिळेना; तिसऱ्यांदा टोचल्यावर ट्रे ठेवून ती स्टोअररूममध्ये रडत बसली. इनचार्ज सिस्टर उपदेश न करता तिला परत घेऊन गेल्या. "आधी शेक दे. आता बोटाने चाचप, डोळ्यांनी शोधू नकोस." असं बरेच आठवडे शेजारी उभं राहणं चाललं. पुढे तीच मुलगी अवघड शिरेसाठी स्वतःहून हात वर करायला लागली. हेच प्रशिक्षण, फक्त त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

आणि त्या चित्रातल्या नाइटिंगेलबाई! क्रायमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांनी आकडे मांडून दाखवलं, की सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या आजारांनी जास्त मेले. मग स्वच्छता, हवा, सांडपाणी यांसाठी सरकारच्या मागे लागल्या.

शिबिर घ्यायचंच तर ड्यूटीच्या वेळेत घ्या, बदली माणूस देऊन. माझ्या मागच्या शिबिरात तिघीजणी नाइट करून थेट आल्या होत्या. 'सकारात्मक विचार'ची स्लाइड लागली तेव्हा दोघींना झोप लागली होती. मी उठवलं नाही.