‘शाळेत आता लफडी शिकवणार’ म्हणे

परवा आमच्या नववीच्या पालक ग्रुपवर तो मेसेज परत फिरून आला. तुमच्याकडेही आला असणार, त्याच्यावर बऱ्याच वेळा फॉरवर्ड झाल्याचा तो डबल बाण आहे. मजकूर थोडक्यात असा की आठवी ते दहावीच्या पोरांना ‘हेल्दी रिलेशनशिप’ शिकवायचं खूळ निघालंय, म्हणजे आता मास्तरच लफडी शिकवणार, मुलांना यातलं काही माहीत नसतं ते हे माहीत करून देणार, हे पाश्चात्यांचं थेर आहे, संस्कार घरी होतात, शिकवायचंच असेल तर मुलींना कराटे शिकवा, अठराच्या आत हे सगळं गुन्हा असताना शाळा असलं शिकवतेच कशी, आणि दहावी तोंडावर असताना पोरांचा वेळ का घालवता. शेवटी ‘सहमत असाल तर दहा ग्रुपवर पाठवा’. खाली अकरा अंगठे.

मी विज्ञान शिकवते आणि गेली चार वर्षं हा तासही घेते, त्यामुळे ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथे एकेक मुद्दा घेऊन लिहिते. लांबलंय, सांभाळून घ्या.

पहिला मुद्दा, ‘मुलांना यातलं काही माहीत नसतं’. माझ्या वर्गात एक पेटी आहे, बुटाचं जुनं खोकं, वर फट पाडलेली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पहिल्याच आठवड्यात काय आलं सांगू का? “तो म्हणतो खरं प्रेम असेल तर इन्स्टाचा पासवर्ड दे, देऊ का.” “ती नाही म्हणाली पण मित्र म्हणतात मागे लाग, महिन्यात पटेल, खरंय का.” “मैत्रिणीशी बोललीस तर हात कापून घेईन म्हणतो.” “माझा एक फोटो त्याच्याकडे आहे.” ही नववीची मुलं आहेत, आणि अक्षर बघून सांगते, यातली काही पहिल्या बाकावरची आहेत. माहीत नसतं म्हणे. त्यांना सगळं माहीत असतं, फक्त चुकीच्या माणसांकडून माहीत असतं, कुणा दादाकडून, रील्सवरून, नाहीतर त्या सगळ्या हिरोंकडून जे अडीच तास मुलीच्या मागे फिरतात आणि शेवटी ती हसते.

आणि भाषा बघा ना आपली. पोरगी ‘पटवायची’ असते, ती नाही म्हणाली की ‘भाव खाते’, गप्प बसली की ‘हो’च असतं. पेपरवाले तर कहर, खून झाला तरी ‘एकतर्फी प्रेमातून’ अशी हेडलाइन! १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या हॉलमध्ये शिरून एका मुलीला जाळलं तेव्हापासून हा शब्दप्रयोग मी ऐकतेय, तेव्हा मी लहान होते आणि घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती एवढं आठवतंय. २०२० ला हिंगणघाटला एका तरुण शिक्षिकेला जाळलं, २०२१ ला पुण्यात बिबवेवाडीला खून, तिथे तर मुलगी चौदा वर्षांची, कबड्डीच्या सरावाला आलेली. दर वेळी तोच शब्द, प्रेम. ज्याला ‘नाही’ ऐकून घेता आलं नाही त्याच्या त्या अवस्थेला आपण प्रेम म्हणतो आणि पोरं ते वाचत मोठी होतात.

मग त्या तासाला मी करते काय? जोड्या जुळवत नाही, काळजी नसावी. सगळ्यात गाजणारा प्रकार असा की दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने काहीतरी मागायचं, सायकल, वही, डब्यातली चकली, काहीही. दुसऱ्याने नाही म्हणायचं, कारण न देता. आणि मागणाऱ्याने ‘बरं’ म्हणायचं. संपलं. ऐकायला पोरखेळ वाटतो, घरी करून बघा. मुलींना कारण न देता नाही म्हणताच येत नाही, “नाही रे, आई ओरडेल”, “अगं माझी आज खराब आहे”, काहीतरी जोडतातच. आणि मुलग्यांच्या तोंडून ‘बरं’ निघत नाही. “का पण?” “एकदाच!” “आपण फ्रेंड ना?” तीन-तीन वेळा. एक जण तर चकलीवरून खरोखर रुसला, डोळ्यांत पाणी. त्यावर आम्ही अख्खा तास बोललो, की नकार मिळाला की पोटात नक्की काय होतं आणि मग त्याचं काय करायचं. मला विचाराल तर सगळ्या विषयाचा गाभा तेवढाच आहे.

‘शिकवलं की करतील’ हे त्याच मुद्द्याचं शेपूट. युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत जगभरातला अभ्यास मांडून साफ सांगितलंय की लैंगिकता शिक्षणाने मुलं लवकर त्या वाटेला लागत नाहीत, आणि आम्ही तर नात्यांबद्दल बोलतोय. नात्यांवर कॅनडात ऑन्टारिओत नववीच्या वर्गांवर एक मोठा प्रयोग झाला, ‘फोर्थ आर’ नावाचा, २० शाळा, १७०० च्या वर मुलं, २१ तास, आणि निकाल २००९ मध्ये छापून आला. अडीच वर्षांनी विचारलं तेव्हा जोडीदारावर हात उचलल्याचं, ज्यांना हे शिकवलं नव्हतं त्या शाळांत ९.८ टक्के मुलांनी सांगितलं, शिकवलं होतं तिथे ७.४. नुसत्या मुलग्यांचं बघितलं तर ७.१ विरुद्ध २.७. मुलींमध्ये फारसा फरक पडला नाही, तेही सांगते, लपवायचं कशाला. जादू नाहीये ही.

आता ‘पाश्चात्य’. हा मुद्दा आला की मला र. धों. कर्वे आठवतात. १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारा, गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडलेला, १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारा माणूस आपलाच की! १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते, आणि खटला कशावरून, तर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. माझ्या बुटाच्या खोक्याची परंपरा अशी जुनी आहे बरं का. आणि त्याच्याही मागे जायचं तर भोंडला घ्या. त्या गाण्यांमध्ये सून माहेरी जायची परवानगी मागत फिरते, सासूला विचार, सासऱ्याला विचार, नवऱ्याला विचार, आणि सात-आठ वर्षांच्या पोरी हे हसत हसत म्हणायच्या. कुठे जायचं हे दुसरा ठरवतो त्याला आज आम्ही फळ्यावर ‘नियंत्रण’ लिहितो, आज्यांनी त्याची टिंगल करून ठेवलीय आधीच. मी नवरात्रात तो तास भोंडल्यावरच घेते.

महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं तेव्हाही संस्कृतीचाच मुद्दा होता. पण लगेच पुढच्या वर्षी, २००८ पासून, मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर ‘जेम्स’ नावाचा उपक्रम झाला, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि कोरो ही स्वयंसेवी संस्था अशा इथल्याच संस्था त्यात होत्या, विषय मुलगा-मुलगी समानता आणि हिंसा. त्याच सुमारास मुंबईतल्याच ‘परिवर्तन’ नावाच्या उपक्रमात क्रिकेटचे कोच नेट प्रॅक्टिसला पोरांशी मुलींबद्दल कसं बोलायचं यावर बोलायचे. (मूळ कल्पना अमेरिकेतली, मान्य, पण क्रिकेटसुद्धा साहेबाचंच होतं.) आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात लिहिलंच की लैंगिक शिक्षण ही पाश्चात्य कल्पना आहे आणि त्याने पोरं बिघडतात हा गैरसमज आहे.

‘हे आईवडिलांचं काम’. अगदी बरोबर, करा ना. खरंच करा, माझं ओझं हलकं होईल. मी पालकसभेत विचारलं होतं की मुलाशी या विषयावर पाच मिनिटं तरी कोण बोललंय, पंचेचाळीस पालकांत दोन हात वर आले, दोन्ही आयांचे, आणि त्यातली एक म्हणाली मी फक्त “नीट राहा” म्हटलं. नीट म्हणजे काय हे त्या पोराने कुठून काढायचं? शिवाय घर हे सगळ्यांसाठी सुरक्षित असतंच असं नाही हो, गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबीचे आकडे दरवर्षी तेच सांगतात, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या केसेसमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर आरोपी मुलीच्या ओळखीतलाच असतो. आणि ‘लहान आहेत अजून’ म्हणणाऱ्यांसाठी, केंद्राच्या कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (एनएफएचएस-५) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पाचातली एक. संसाराला मोठी आणि नात्यांबद्दल बोलायला लहान, हे गणित मला तरी सुटत नाही.

कराटे. शिकवा, माझी ना नाही. पण पासवर्ड मागणारा तो मुलगा तिला आवडतो, हे लक्षात घ्या. त्याला काय किक मारायची? आणि मेसेजमध्ये मुलग्यांनी काय शिकायचं यावर एक अक्षर नाही. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई हायकोर्ट म्हणालं होतं, मुलग्यांना शिकवा, बेटा पढाओ. माझी स्वतःची चूकही सांगते, पहिल्या वर्षी मी मुलींना वेगळं बसवून तास घेतला, मुलगे ग्राउंडवर. मुली बिचाऱ्या सावध कसं राहायचं शिकल्या आणि ज्यांच्यापासून सावध राहायचं ते क्रिकेट खेळत होते. मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलते, बऱ्याच ठिकाणी या नावाखाली कुणातरी पाहुण्याचं तासभर भाषण होतं, मोबाइल वाईट, कपडे नीट घाला, फोटो काढा, झालं. त्याला विरोध असेल तर मी पहिली सही करते.

कायद्याचा मुद्दा सगळ्यात मजेशीर, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. पॉक्सो २०१२ चा, वय अठरा, त्याच्या आत मुलीची संमती होती का हा प्रश्नच येत नाही. सतरा वर्षांचा मुलगा बाल न्याय मंडळासमोर उभा राहू शकतो हे त्या मुलाला कोण सांगणार? अठराच्या आतल्या कुणाचा अश्लील फोटो नुसता पुढे पाठवला तरी आयटी ॲक्टचं कलम ६७बी, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मुलीने स्पष्ट नको सांगूनही परत परत मागे लागणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पाठलाग. हे फळ्यावर लिहिलं त्या दिवशी वर्गात इतकी शांतता होती की पंख्याची करकर ऐकू येत होती. आणि मी पहिल्याच तासाला सांगून टाकते, पॉक्सोचं कलम १९ मला लागू आहे, अत्याचाराची गोष्ट कळली तर मला ती कळवावीच लागते, गुपित ठेवता येणार नाही. तरी मुलं सांगतात. कोणाला सांगायचं ते कळलं की सांगतात.

वेळेचं काय. वर्षाला बारा तास, पस्तीस मिनिटांचे, म्हणजे सगळे मिळून सात तास. गॅदरिंगच्या डान्सला याहून जास्त जातात. बरं हे मी खिशातून काढलेलं नाही, दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये ‘सामाजिक आरोग्य’ नावाचा धडाच आहे, आणि केंद्राच्या २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या अकरा विषयांत परस्पर नातेसंबंध हा एक आहे, त्यासाठी प्रत्येक शाळेत दोन शिक्षक तयार करायचे आहेत. नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा विषय असतो, त्याच्या तासाला बहुतेक ठिकाणी बीजगणित चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, मी फक्त बीजगणितवाल्या सरांकडून थोडे परत मागून घेतले.

ज्यांनी तो मेसेज टाकला त्या काकांना मी ग्रुपवर एवढंच लिहिलंय की पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेत पेटी उघडायची आहे, येऊन मागच्या बाकावर बसा, चहा मी देते. अट एकच, चिठ्ठ्यांवरचं अक्षर ओळखायला जायचं नाही.