फोटो दिव्याचा लावला, शाळेचं विसरले

परवा मामाजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड ढकलला. वर दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाई, खाली मजकूर: ‘सेवा रक्तात असावी लागते. नर्सिंगला कसली आली थिअरी? डॉक्टर सांगतील ते करायचं. डिग्र्या आल्या अन् सेवाभाव गेला. आता तर मशीनच सगळं सांगते.’ त्याच ग्रुपात माझी भाची आहे, बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिनं मला वेगळा मेसेज केला, ‘मावशी, खरं आहे का हे?’ नागपुरात वॉर्डात नर्स म्हणून २२ वर्षं काढल्यावर हे ऐकायचं!

आधी त्या फोटोचं. या बाईंनी १८५८ मध्ये आलेख काढून दाखवलं, की क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक मेले. १८६० मध्ये लंडनला नर्सिंगची शाळा काढली. सेवा रक्तातच असती तर शाळा कशाला लागली असती?

‘डॉक्टर सांगतील ते करायचं.’ मे महिना, कूलर नुसता घरघरतोय. काटोलकडची एक आजी. फाईलवर लिहिलेलं, भरपूर पाणी द्या. पाण्याचा जग मात्र भरलेला तसाच. आजी ऐकत नाही, म्हणे. जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाली, ‘पाणी पेलं का जा लागते, बाई. सून घरी गेली. त्या पोट्ट्याले भांडं कसं मांगू?’ पडदा ओढला, बेडपॅन मीच दिलं. संध्याकाळपर्यंत जग दोनदा भरावा लागला. ऑर्डर बरोबरच होती हो, पण ती आजीच्या पोटात जात नव्हती. अमेरिकन नर्स व्हर्जिनिया हेंडरसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं हेच आहे: बळ, इच्छा किंवा माहिती असती तर माणसानं स्वतःच जे केलं असतं, त्यात त्याला हात देणं म्हणजे नर्सिंग. पूर्वी उशापायथ्याशी घरची चार माणसं असायची. आता मुलगा पुण्यात, सून नोकरीवर. मग ही लाज कोण ओळखणार?

मशीनचं म्हणाल, तर बोट गार पडलं तरी ऑक्सिमीटर भलताच आकडा दाखवतो.

डिग्रीचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली आलेला अभ्यास: युरोपातले ९ देश, ३०० हॉस्पिटलं, ऑपरेशन झालेले सव्वाचार लाखांच्या आसपास पेशंट. पदवीधर नर्सेस १० टक्के जास्त, तिथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका नर्समागे एक पेशंट वाढला, की ७ टक्क्यांनी जास्त.

हां, काही सिस्टर खेकसतात, हे खरं. मीही खेकसले आहे, नाही कशाला म्हणू? पण मामाजी, तो शेवटचा आकडा परत वाचा, अन् मग सांगा रात्रपाळीला वॉर्डात किती जणी दिसतात.