चौकटीत डिझेल ओतून वाळवी जात नाही

पावसाळा जवळ आला की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. बाहेरच्या दाराची चौकट खालून कुजली किंवा वाळवीने पोखरली तर सुताराच्या मागे धावू नका. वाळवीची माती खरवडून टाका, भोकांत डिझेल आणि मिठाचं दाट पाणी ओता, सिमेंट किंवा पुट्टी भरून जागा सपाट करा आणि वरून ऑइलपेंटचे दोन हात मारा. खर्च दोनशे रुपये, काम एका दुपारचं, पुढे दहा वर्षं बघायला नको, असा एकूण मजकूर. खाली कुणीतरी भर घालतं की चौकट सागाची असेल तर एवढंही करायची गरज नाही.

चौकट घरच्या घरी दुरुस्त करता येते, हे मलाही मान्य आहे. मी स्वतः आमच्या मागच्या दाराची केली आहे. पण त्याआधी मी अगदी या मेसेजबरहुकूम सगळं करून बसलो होतो. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं चिऱ्याचं घर, न्हाणीकडे उघडणारं दार, फणसाची चौकट. डिझेल, सिमेंट, रंग, सगळं झालं. दुसऱ्या पावसाळ्यात खालची बिजागरी स्क्रूंसकट उपटून आली आणि दार आईच्या अंगावर कललं. ती वेळेत बाजूला झाली म्हणून निभावलं. म्हणून हा मेसेज पुढे ढकलण्यापूर्वी लोकांनी चार गोष्टी वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट माती खरवडण्याची. चौकटीवर किंवा भिंतीवर दिसणारी मातीची नळी म्हणजे वाळवीची ये-जा करायची वाट. तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती जमिनीपासून लाकडापर्यंत अशी झाकलेली वाट बांधते. नळी पुसून टाकली की वाळवी मरत नाही, फक्त तुम्हाला तिची वाट दिसेनाशी होते. त्याऐवजी नळीचा मधलाच बोटभर तुकडा काढा आणि तीन-चार दिवस थांबा. तुटलेली जागा ओल्या मातीने पुन्हा सांधली गेली तर वाळवी आत कामाला आहे. आणि नळी खाली कुठे उतरते, जोत्याच्या कुठल्या फटीतून वर येते, ते नीट बघून ठेवा. पुढचा सगळा इलाज त्या जागेवर अवलंबून आहे.

मुळात वाळवीच आहे का, हेही बघायला हवं, त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. माती दिसली तर जमिनीतली वाळवी. माती नाही, पण चौकटीखाली खसखशीसारखे टणक दाणे पडलेले दिसले तर ती कोरड्या लाकडातच राहणारी वाळवी. तिचा जमिनीशी संबंध नसतो. मैद्यासारखी बारीक पूड आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर तो भुंगा. आणि यातलं काहीच नसून लाकूड काळपट पडलेलं, चौकोनी ढलप्यांनी सुटणारं किंवा तंतू तंतू होणारं असेल तर ती निव्वळ कूज, म्हणजे बुरशी. चारही गोष्टींचा इलाज वेगळा, आणि मेसेजात एकच डिझेल.

आता डिझेलबद्दल. डिझेल किंवा रॉकेल ज्या वाळवीच्या अंगावर पडतं ती मरते, हे खरं. लोकांचा विश्वास तिथेच बसतो, कारण समोर मेलेली वाळवी दिसते. पण चौकटीत असते ती कामकरी वाळवी, अन्न न्यायला आलेली. राणी आणि तिची वस्ती खाली जमिनीत, कधी अंगणापलीकडच्या वारुळात. तिथे अंडी घालणं चालूच असतं. डिझेल पुढे पुरत नाही, थोड्या आठवड्यांत त्याचा जोर संपतो आणि नवी फौज त्याच वाटेने येते. शिवाय तेल मुरलेल्या लाकडावर ना गोंद धरत ना रंग. आमच्या चौकटीचा रंग पापुद्र्यांनी सुटला त्याचं कारण हेच होतं. आणि घराच्या दारातलं लाकूड डिझेलने भिजवून त्याच उंबऱ्यावर संध्याकाळी दिवा लावायचा, हा धोका मी कुणाला सांगायला धजणार नाही.

जमिनीतल्या वाळवीवर औषध लाकडापेक्षा जमिनीत आणि भिंतीच्या सांध्यात जायला हवं. उभ्या असलेल्या इमारतींसाठी भारतीय मानक आहे, आयएस 6313, त्याचा तिसरा भाग. चौकट आणि भिंत जिथे भिडतात तिथे साधारण 6 मिलिमीटरची भोकं 45 अंशांत खाली उतरती पाडायची आणि औषधाचं पाणी जिरेपर्यंत, एका भोकात जास्तीत जास्त अर्धा लिटर, सोडायचं, अशी त्यातली पद्धत. हल्ली मिळणाऱ्या औषधांपैकी इमिडाक्लोप्रिडचा वास वाळवीला लागत नाही. ती त्यातून चालत जाते आणि एकमेकींना भरवताना ते वस्तीत पसरतं. क्लोरपायरीफॉस जुनं आणि जहाल. कुठलंही घ्या, प्रमाण डब्यावरचंच, हातमोजे आणि मास्क घालून. आपल्याकडे मागच्या दारापासून विहीर दहा पावलांवर असते. तसं असेल तर जमिनीत औषध सोडायचं काम स्वतः करू नका, परवानाधारक माणूस बोलवा आणि विहीर कुठे आहे ते त्याला आधी दाखवा.

मिठाचं पाणी तर उलटंच काम करतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, लाकूड दमट ठेवतं आणि बिजागऱ्यांचे स्क्रू व चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, गंजवतं.

सिमेंट भरण्यावर मात्र थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते दिसत नाही. पाऊस लागला की लाकूड आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट तसं हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पावसाची झड त्या फटीतून आत जाते आणि मागे सिमेंट असल्यामुळे ते पाणी वाळत नाही. बुरशीला लाकूड कुजवायला ओल लागते. वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांहून कमी ओलावा असेल तर तिचं काही चालत नाही. म्हणजे चौकट कोरडी ठेवणं हाच कुजीवरचा इलाज, आणि आपण नेमकी ओल कोंडून ठेवतो. मी आमच्या चौकटीतलं सिमेंट काढलं तेव्हा ते साच्यातून निघाल्यासारखं अखंड बाहेर आलं, आणि त्यामागचं लाकूड ओल्या बिस्किटासारखं बोटाने निघत होतं. दोन पुड्या मळून लावायची एपॉक्सी पुट्टी सिमेंटपेक्षा बरी, पण तीही कोरड्या, टणक लाकडातल्या लहान खळग्यापुरती. मऊ लाकडाला ती धरत नाही, ते कापून तिथे नवा तुकडाच जोडावा लागतो.

मग टणक लाकूड कुठून सुरू होतं हे कसं कळणार? आमच्या वाडीतले सुतारकाका आले तेव्हा त्यांनी पटाशी काढलीच नाही. माझ्या हातात पेचकस दिला आणि म्हणाले, “खालून वर घालत जा. थांबेल तिथनं लाकूड सुरू.” तळाशी पेचकस मुठीपर्यंत आत गेला. वीतभर वर अर्धा इंच. रंग सगळीकडे सारखाच गुळगुळीत. दोन वीत वर पोचलो तेव्हा कुठे टोक अडलं. मग त्यांनी मुठीने ठोकून दाखवलं, खाली बद्द आवाज, वर खणखणीत. वाळवी बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते, म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही. “दिसतं तेवढंच भरा” हा सल्ला म्हणूनच फसतो.

रंगाबद्दल एवढंच, की रंग वाईट नाही, ओल्या लाकडावरचा रंग वाईट. आणि बहुतेक लोक रंग मारतात तो दर्शनी भागाला. पाणी शिरतं चौकटीच्या तळातून, जिथे लाकडाचे रेषे उघड्या नळ्यांसारखे खाली तोंड करून असतात. तो तळ आपण फरशीत किंवा कोब्यात गाडलेला असतो, तिथे ब्रश पोचतच नाही.

सागाबद्दलचा समजही अर्धाच खरा आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला ती खुशाल लागते, आणि कोवळ्या झाडाच्या कापात ते पांढरं बरंच येतं. नवा तुकडा घेताना चारही कडा बघून घ्या. औषध दाबाने मुरवलेलं लाकूडही मिळतं. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचं त्यासाठीचं मिश्रण 1933 साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तयार केलं. त्याने वाळवी लागत नाही, पण त्यात आर्सेनिक आहे. त्याचे उरलेले तुकडे चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात अजिबात घालू नका.

राहिलं “एका दुपारचं काम”. मला सुट्टीचे चार दिवस लागले, त्याआधी दोन महिने वाळवण्याचे गेले. दिवाळीनंतर पागोळीचं पाणी दाराशी पडू नये म्हणून पन्हळ लावली आणि न्हाणीचं पाणी उलट्या बाजूला वळवलं. तेवढ्याने भिंतीची ओल निम्मी उतरली. औषधाचं काम झालं. फेब्रुवारीच्या शेवटी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. करवत लावण्याआधी सुतारकाकांनी वर बघायला लावलं. दारावर काँक्रीटची किंवा दगडाची तुळई असेल तर चौकटीवर भार नसतो. पण जुन्या चिऱ्याच्या आणि मातीच्या घरांत कधी कधी वरची भिंत चौकटीवरच टेकलेली असते. तसं असेल, किंवा वर भेगा दिसत असतील, तर चौकटीचा उभा खांब कापणं घरच्या माणसाचं काम नाही, आधी टेकू आणि जाणता सुतार.

आमच्याकडे तुळई होती. मऊ जागेच्या चार बोटं वर गुण्याने, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीने, खूण केली. सांधा अर्ध्या जाडीचा, वीतभर लांबीचा घेतला. जुना भाग बाहेरच्या अंगाने खाली उतरलेला आणि नवा भाग आतून वर चढलेला, कौलावर कौल चढतं तसा. काप बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे झड आली तरी पाणी आत चढत नाही. नवा सागाचा तुकडा चौकटीच्याच मापाचा, चार बाय अडीच इंच. त्याचं खालचं टोक रात्रभर लाकडाच्या औषधात उभं ठेवलं, वाळल्यावर टोकाला दोनदा प्रायमर दिला. वरच्या जुन्या लाकडाला कोमट पाण्यात विरघळवलेलं बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड पाजलं. ते लाकडात आतवर मुरतं, पण उघड्यावर पावसाने धुऊन जातं, म्हणून वर रंग हवाच. सांध्याला पाण्याला टिकणारा एपॉक्सी गोंद आणि स्टेनलेस स्टीलचे चार स्क्रू. बिजागरी सांध्याच्या वर, जुन्या घट्ट लाकडात सरकवली.

तळ कोब्यात पुन्हा गाडला नाही. खाली ग्रॅनाइटचा एक सपाट तुकडा बसवला, त्यावर करंगळीएवढी मोकळी जागा सोडली, आणि भिंतीलगतची फट ताण सोसणाऱ्या सीलंटने भरली. आई अजून त्या फटीत केर साठला की खराट्याची काडी घालून काढते, आणि जूनपासून दर रविवारी मी तिथे पेचकस टेकवून बघतो.