चौथी गोळी आणि ग्वाल्हेरचा टांगा

गांधीजींना चार गोळ्या लागल्या, नथुरामच्या पिस्तुलातून तीनच सुटल्या, म्हणजे चौथी दुसऱ्याच कुणाची तरी, बहुधा इंग्रजांच्या हेराची, आणि जीव गेला तो तिच्यामुळेच. जानेवारी उजाडला की हा लांबलचक मजकूर आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून फोनोफोनी फिरायला लागतो. खाली पुस्ती ठरलेली: ग्वाल्हेरला उगाच बदनाम केलं. लष्कर भागातल्या काही हौशी मंडळींनी यावर वह्याच्या वह्या भरल्या आहेत. त्यांच्या चिकाटीला नाव ठेवायचं कारण नाही. निष्कर्षाला मात्र आहे.

पहिला आधार वर्तमानपत्रांचा. काही बातम्यांत चार गोळ्यांचा उल्लेख आला, हे खरं. उलट मी या मंडळींच्या हातात आणखी एक साक्षीदार देतो. व्हिन्सेंट शीन हा अमेरिकन पत्रकार त्या संध्याकाळी बिर्ला हाउसच्या बागेत होता आणि आपण चार आवाज ऐकले असं त्याने लिहून ठेवलंय. माणूस प्रामाणिक, खोटं बोलायचं त्याला कारण नाही. पण त्याने मोजले ते आवाज. आणि धक्क्याच्या त्या क्षणी कानांनी केलेली मोजदाद किती धरायची, हे कुठल्याही फौजदारी वकिलाला विचारा. त्याच दिवशी तुघलक रोड ठाण्यात उर्दूत नोंदलेली फिर्याद आहे. फिर्यादी गांधीजींच्या जवळ होता. दोन-तीन फुटांवरून तीन बार झाले, असं तो सांगतो. त्याच फिर्यादीत मारेकऱ्याचं नाव ‘नारायण विनायक गोडसे’ असं पडलंय. घाईगर्दीत नाव चुकलं, एवढाच त्याचा अर्थ. नारायण म्हणून कुणी वेगळा इसम होता असं त्यावरून कुणी म्हणत नाही. (लिहिता लिहिता भीती वाटतेय, पुढच्या जानेवारीत तेही येईल.) मग बातमीतला एक आकडा चुकला असेल, हे मानायला इतकं जड का जावं?

दुसरा आधार शालीचा. पार्थिवाला स्नान घालताना शालीतून एक गोळी पडली, असा गांधीजींजवळ राहणाऱ्या त्यांच्या नात्यातल्या मनुबेनच्या रोजनिशीचा दाखला दिला जातो. या मजकुरातला विचार करण्याजोगा मुद्दा हा एवढाच, म्हणून इथे जरा थांबू.

डॉक्टर असलेल्या कर्नल तनेजांनी ३१ जानेवारी १९४८ ला पार्थिवाची तपासणी केली. त्यांनी नोंदवलेल्या जखमा पाच: समोरून गोळी शिरल्याच्या तीन, एक छातीवर आणि दोन पोटावर; पाठीकडून गोळी बाहेर पडल्याच्या दोन. तीन आत, दोन बाहेर, एक शरीरातच राहिली. चौथी गोळी लागली म्हणायचं तर तिच्या शिरण्याची जखम दाखवावी लागेल, आणि ती कुठे आहे हे कुणीच सांगत नाही. शालीतून काहीतरी पडलं असेलही. पण गोळी वेगळी आणि पुंगळी वेगळी. ऑटोमॅटिक पिस्तूल प्रत्येक बाराला काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकतं. बार हाताच्या अंतरावरून झालेले, अंगावर शाल. पुंगळी घडीत अडकणं अजिबात अशक्य नाही. शोकात बुडालेल्या घरात हाती आलेला धातूचा तुकडा नेमका काय होता, हे रोजनिशीतल्या एका ओळीवर कसं ठरवणार? आणि ती गोळीच होती असं धरलं, तरी ती दुसऱ्या पिस्तुलाची हे कशावरून? जखमेशिवायच्या गोळीने माणूस मरत नाही.

‘शवविच्छेदन झालंच नाही.’ नाही झालं. व्हायला हवं होतं, असं माझंही मत आहे. पण न झालेल्या तपासणीतून चौथी गोळी निघत नाही.

पिस्तुलाचा हिशोब तर या मंडळींच्याच विरोधात जातो. बेरेटा, क्रमांक ६०६८२४, मॅगझिन सात काडतुसांचं. जप्त झालं तेव्हा आत चार जिवंत. वजाबाकी तेही मान्य करतात आणि मग दुसरा बंदूकधारी आणतात! प्रार्थनेला जमलेल्या त्या गर्दीत, जिथे नथुराम जागच्या जागी पकडला गेला, तिथे आणखी एकाने बार काढला आणि तो कुणालाच दिसला नाही? त्याच्या हेरखात्याचं नावही मजकुरात असतं, ‘फोर्स १३६’. ही ब्रिटिशांच्या एका गुप्त संघटनेची दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात काम करणारी शाखा. ती मूळ संघटनाच १९४६ साली बरखास्त झाली होती.

‘सुप्रीम कोर्टाने फेरतपास मान्य केला’ ही तर अर्धवट बातमी. मुंबईच्या एका अभ्यासकाच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१७ मध्ये कोर्टाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारा तटस्थ वकील, नेमलं. त्यांनी कागद तपासून चौथ्या गोळीत आणि परक्या हातात तथ्य नसल्याचं सांगितलं, आणि २८ मार्च २०१८ ला न्या. बोबडे व न्या. नागेश्वर राव यांनी याचिका फेटाळली. फिरणारा मजकूर नेमणुकीपाशीच थांबतो.

आता ग्वाल्हेर. खटल्यातले आरोपी, इथले डॉ. दत्तात्रय परचुरे निर्दोष सुटले म्हणून आपल्या गावाचा संबंधच नव्हता, हा त्या पुस्तीचा आशय. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ ला परचुऱ्यांना दोषी धरलं होतं, पिस्तूल त्यांच्यामार्फत मिळालं म्हणून. आपला कबुलीजबाब त्यांनी फिरवला होता, आणि पुढे सिमल्यात पंजाब उच्च न्यायालयाने जून १९४९ मध्ये त्यांना सोडलं. कायद्याने ते निर्दोष, त्यावर वाद नको. पण नथुराम आणि त्याचा साथीदार नारायण आपटे २७ जानेवारीच्या रात्री इथल्या स्टेशनवर उतरले, टांग्याने परचुऱ्यांच्या घरी गेले आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परतले, हे त्या सुटकेने पुसलं जात नाही. टांगेवाल्यांच्या साक्षी झाल्या आहेत. खुद्द नथुरामने ग्वाल्हेरला आल्याचं कबूल केलं. त्याचं म्हणणं एवढंच की परचुऱ्यांनी मदत केली नाही, पिस्तूल दिल्लीतल्या निर्वासितांच्या छावणीत मिळालं. खटल्यात फरारी दाखवलेले तिघेही, दंडवते, जाधव आणि शर्मा, ग्वाल्हेरचेच. चौथ्या गोळीच्या शोधात वह्या भरणाऱ्यांनी या तिघांवर एक पानही लिहिलेलं मी पाहिलं नाही. परका हेर सापडला की घरच्या माणसांबद्दल विचारावं लागत नाही, ही मोठी सोय आहे.

शंका घ्यायचीच तर तिला जागा आहे, आणि ती न्या. जीवनलाल कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालात छापलेली आहे. २० जानेवारीला त्याच बागेत स्फोट झाला, कटातला मदनलाल पाहवा पकडला गेला. त्याने साथीदारांत पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. हा संपादक म्हणजे नथुराम, हे पुण्यात पोलिसांना शोधायला अर्धा दिवस पुरला असता. मुंबईत मदनलालच्या ओळखीचे प्रा. जैन यांनी २१ तारखेला मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाईंना त्याच्याकडून ऐकलेलं सारं सांगितलं. दिल्लीला आलेले पुण्याचे पोलीस अधिकारी राणा यांच्या हाती २५ ला मदनलालचा जबाब पडला. ते विमानाने गेले नाहीत. आगगाडीने, तेही अलाहाबादवरून लांबच्या वाटेने, २७ ला मुंबईत पोचले. त्याच दिवशी नथुराम आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले आणि रात्री ग्वाल्हेरला उतरले.