‘सा’ तांबडा, ‘नी’ जांभळा? जरा थांबा भो!

परदेशातल्या एका तरुण जॅझ सॅक्सोफोनवादकाला सूर ऐकले की रंग दिसतात आणि त्या रंगांवरून तो आपलं संगीत रचतो. मूळ बातमी एवढीच. जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरता फिरता तिला शेपूट फुटलं: ‘प्रत्येक सुराला ठरलेला रंग असतो. सा तांबडा, रे नारिंगी, असं करत नी जांभळा. आपल्या ग्रंथांत हे आधीच लिहिलंय, आता विज्ञानानेही मानलं. साधनेने कुणालाही दिसतं, मुलांना लहानपणीच क्लास लावा.’ खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’.

त्या पोराला रंग दिसत नसतील असं मी म्हणत नाही. याला सिनेस्थेशिया म्हणतात; एक संवेदना चाळवली की दुसरीही आपोआप जागी होते, इथे कान चाळवला की रंग उमटतो. कुठल्या ना कुठल्या प्रकारचा सिनेस्थेशिया शंभरात चारेक जणांना असतो. हा आजार नाही, आणि तिसरा डोळाही नाही. भांडण शेपटाशी आहे.

‘ठरलेला रंग’ म्हणे. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रिअ‍ॅबिन हे दोघेही रशियन, दोघेही संगीतकार, दोघेही सुरांना रंग जोडणारे. सी मेजर ही पाश्चात्त्य संगीतातली पट्टी पहिल्याला पांढरी, दुसऱ्याला तांबडी. सॅक्सोफोनचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतला जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन घ्या. बँडमधला एकच सूर वेगळ्या माणसाने वाजवला की रंगही वेगळा, असं तो सांगायचा. त्याच्या बँडमधल्या हॅरी कार्नीने बॅरिटोन या खर्जातल्या सॅक्सवर लावलेला डी हा सूर त्याला गडद निळ्या गोणपाटासारखा वाटे आणि जॉनी हॉजेसचा अल्टो या चढ्या सॅक्सवरचा जी फिक्या निळ्या सॅटिनसारखा. म्हणजे रंगाला पोतसुद्धा, आणि तो वाजवणाऱ्यावर अवलंबून! एवढं बारीक दिसणाऱ्या माणसाला तुम्ही सात खडूंची पेटी देताय.

शिवाय ‘सा’ म्हणजे नेमका कुठला? भजनाला पेटीवाला आधी विचारतो, ‘बुवा, कुठली पट्टी?’ बुवा काळी एक सांगतात. पुढचा अभंग बाई म्हणणार असल्या की तोच सा काळी चारवर जातो. आपल्याकडे सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो. लग्नाच्या बँडमधल्या सॅक्सवाल्याला विचारा, तो तर हसेल. कागदावरचा तोच सी, बोटंही तीच. अल्टोवर वाजवला तर पेटीची काळी दोन ऐकू येते, टेनर सॅक्सवर काळी पाच. यातला तांबडा कुठला?

आता ग्रंथ. स्वरांचे रंग ग्रंथांत आहेत, हे खरंच. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्या सिंघण यादवाचं नाव येतं, त्याच्याच देवगिरीच्या दरबारात संगीतशास्त्र लिहिणारा शार्ङ्गदेव होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त षड्ज म्हणजे सा कमळाच्या रंगाचा, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा आणि निषाद म्हणजे नी चित्रविचित्र आहे. इंद्रधनुष्यात काळा-पांढरा कुठून आणणार? फॉरवर्डमधली यादी आहे शाळेतली तानापिहिनिपाजा. सात स्वरांना सात रंग ही जोडी न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये मांडली, आधी तो मुख्य रंग पाचच धरत होता, नारिंगी आणि पारवा नंतर घातले. म्हणजे ग्रंथ आपला सांगायचा आणि यादी इंग्रजाची. बरं, शार्ङ्गदेवाने तिथेच स्वरांना जात, द्वीप आणि देवताही वाटून दिल्यात. निषाद वैश्य आहे. हेही विज्ञानाने मानलं का?

विज्ञानाने मानलं ते निराळंच. 2002 साली मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की शब्द ऐकून रंग दिसणाऱ्यांच्या मेंदूतला रंग ओळखणारा भाग शब्द कानावर पडताच जागा होतो. सिद्ध झालं ते त्या माणसाच्या अनुभवाचं खरेपण. सुराच्या अंगी रंग असल्याचं नव्हे.

राहिला क्लास. 2014 साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या माणसांकडून नऊ आठवडे अक्षर-रंगाच्या जोड्या घोटवून घेतल्या. काहींना रंगाचा भास होऊ लागला, तीन महिन्यांनी तो ओसरला. अक्षरांचं हे असं, तर सुरांचं काय घेऊन बसलात! डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावणारे ‘मिडब्रेन’वाले आपल्या तालुक्यांच्या गावांपर्यंत येऊन गेलेत, तिथली पोरं नाकाशेजारच्या फटीतून बघत होती. आणि रंग दिसला म्हणून सॅक्स वाजत नाही. खालच्या ओठावर रीड, म्हणजे तोंडाकडची वेताची पट्टी, टेकवून लांब सूर घोटावे लागतात, ते त्या पोरालाही चुकले नसणार.

तरी कुणी फी मागायला आलाच, तर एक परीक्षा घ्या. पंचवीस-तीस सूर पेटीवर वाजवा, पोराने सांगितलेले रंग लिहून कागद कुलपात ठेवा. सहा महिन्यांनी न सांगता तेच सूर उलटसुलट क्रमाने वाजवा. खरा सिनेस्थेशिया असला की बहुतेक रंग पुन्हा तेच निघतात. रंग नुसते पाठ केलेला माणूस बराच घसरतो. पैसे त्यानंतर द्या.