अंगावरून पांढरं जातं म्हणून भाकर सोडायची?

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावच्या बायांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : “अंगावरून पांढरं जाणं, खाज सुटणं ही पोटातली बुरशी. गोड, गूळ, भाकर, आंबवलेलं सगळं बंद करा. रोज वाटीभर दही खा, लसणाची पाकळी आत ठेवा. 21 दिवसांत कायमचं बरं, औषध नको.” दोन घरी भाकर खरंच बंद झाली, म्हणून लिहिते.

पांढरं जाणं म्हणजे दर वेळी बुरशी नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत बिनवासाचं पातळ पाणी जाणं हा आजारच नाही. फाटलेल्या दुधासारखं घट्ट जातं आणि खाजेनं झोप लागत नाही, तेव्हा कँडिडा या बुरशीचा संशय घ्यावा. माशासारखा वास किंवा हिरवट फेस असेल तर रोग दुसरा, औषधही दुसरं.

साखरेचं म्हणणं अर्धं खरं आहे. मधुमेह आटोक्यात नसला तर ही बुरशी माजते, पुन्हापुन्हा होते. पण धडधाकट बाईनं चहात गूळ घातला म्हणून तिच्या रक्तातली साखर चढून बसत नाही. शरीर ती खाली आणतं. आणि ज्वारीच्या भाकरीनं काय पाप केलं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांना रक्तक्षय निघाला. दिवसभर वावरात वाकणाऱ्या बाईच्या शिदोरीतून भाकर काढली, तर तिथं काय ठेवायचं हे मेसेजवाल्यानं लिहिलंच नाही.

आंबवलेलं बंद, पण दही खा! दही काय झाडाला लागतं? पाव फुगवणारं खमीर हीही बुरशीच, पण या त्रासाच्या बुरशीपेक्षा वेगळ्या जातीची, आणि तीही भट्टीत मरते.

दह्यामागे थोडा आधार आहे. 1992 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. रोज साधारण पाव किलो, ठरावीक जिवंत जीवाणूंचं दही सहा महिने खाणाऱ्या बायांना हा त्रास कमी झाला. पण शेवटच्या हिशोबात 13 जणीच उरल्या होत्या, आणि आपल्या विरजणात तोच जीवाणू असेल याची खात्री नाही. दही खा, मठ्ठा प्या, चांगलंच आहे. आत मात्र लावू नका.

लसणाच्या गोळ्या ऑस्ट्रेलियात 14 दिवस देऊन पाहिल्या, बुरशी हटल्याचं दिसलं नाही. कच्ची पाकळी आत ठेवली तर नाजूक कातडी भाजते. लसूण ठेच्यातच बरा.

राहिलं ‘औषध नको’. तापासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकनं आतले राखणदार जीवाणू मरतात आणि बुरशीचं फावतं. तिथं पथ्य काय करणार? क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी आहे, फ्लुकोनॅझोलची पोटात घ्यायची आहे. गरोदर बाईनं पोटातली गोळी मनानं घेऊ नये. पण शरमेपोटी तपासायला जातं कोण? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बाया तपासल्या, अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. त्या शरमेच्या जागी आता असा मेसेज येऊन बसलाय.

वर्षात तीन-चार वेळा त्रास झाला, तर गूळ सोडण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या. बोटाला एक टोच, दोन मिनिटांचं काम.