अर्थिंगची वायर काढू नका

‘सकाळी इन्व्हर्टर लाल दिवा दाखवतो? सोलर पॅनलच्या फ्रेमची अर्थिंग वायर काढा, एरर गायब!’ हा फॉरवर्ड काल मामांनी पाठवला आणि खाली विचारलं, ‘काढू का?’ नाही, मामा. हात लावू नका.

एरर जातो हे बहुतेक वेळा खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. इन्व्हर्टर सुरू होण्याआधी पॅनलची डीसी बाजू आणि अर्थ (जमीन) यांच्यामधला इन्सुलेशन रोध मोजतो, म्हणजे वीज जमिनीकडे गळते का ते पाहतो. गळती होते ती सेलकडून (वीज बनवणाऱ्या चकत्यांकडून) फ्रेमकडे आणि फ्रेमकडून अर्थिंगकडे. वायर काढली की इन्व्हर्टरला गळती दिसत नाही, पण आता फ्रेमवर विजेचा दाब (व्होल्टेज) चढतो. 540 वॅटचे दहा पॅनल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या माळेत, असले की जवळपास 490 व्होल्ट डीसी. हल्लीच्या बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यामुळे इन्व्हर्टर चालू असताना डीसी बाजू ग्रिडच्या न्यूट्रलमार्गे जमिनीशी जोडलेलीच असते. ओल्या गच्चीवर अनवाणी उभं राहून पॅनल धुणारा माणूस फ्रेमला टेकला, की मधली वायर तोच होतो.

असेच आणखी समज ऐकू येतात. ‘पॅनलच्या मागचा पांढरा कागद नुसता दिखाव्याचा.’ तो कागद नाही, बॅकशीट आहे. सुमारे 0.3 मिलिमीटर जाडीच्या थरांत मधलं पॉलिएस्टर वीज अडवतं आणि बाहेरचा फ्लोरोपॉलिमर या टिकाऊ प्लास्टिकचा थर त्याला ऊन-पाण्यापासून जपतो. बाहेरचा थर फाटला की दमट उष्णतेत पॉलिएस्टर ठिसूळ होऊन तडकतं. 2010 ते 2013 दरम्यानच्या बऱ्याच पॅनलमध्ये पॉलिअमाइडचं (नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचं) बॅकशीट होतं. ते काही वर्षांतच सेलच्या मधल्या रेषांवर चिरलं. भेगेत दव शिरलं की सकाळी एरर येतो, दुपारी वाळलं की जातो. म्हणून ‘इन्व्हर्टर उगाच ओरडतो’ असा समज होतो.

तो उगाच ओरडत नाही. आयईसी 61215 या पॅनलच्या आंतरराष्ट्रीय मानकातली ओली चाचणी पाहा: पॅनल पाण्यात बुडवून 500 व्होल्ट किंवा सिस्टिमचा कमाल दाब, यांतला जो जास्त तो देतात. रोध गुणिले क्षेत्रफळ किमान 40 मेगाओम-चौरस मीटर हवं. 2.58 चौरस मीटरच्या पॅनलला हे साधारण 15.5 मेगाओम पडतं. स्ट्रिंगमधल्या सगळ्या पॅनलची गळती एकत्र मोजली जाते, म्हणून एकच भेगाळलेला पॅनल अख्ख्या स्ट्रिंगचा आकडा खाली ओढतो.

‘भेगा पडल्या तरी वीज तेवढीच येते.’ सुरुवातीला, हो. नंतर ओल ईव्हीएपर्यंत (सेलभोवतीच्या प्लास्टिकच्या थरापर्यंत) पोचते, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि सेलवरच्या चांदीच्या रेघा गंजतात.

भेगांवर एमसील आणि टेप: नको. मोठ्या प्रकल्पांत सिलिकॉनचा लेप देतात, पण पृष्ठभाग धुऊन, वाळवून, आणि नंतर पुन्हा ओली चाचणी घेऊन.

‘25 वर्षांची वॉरंटी’ वीजनिर्मितीची असते. बॅकशीटचा दोष प्रॉडक्ट वॉरंटीत येतो, ती बहुतेकदा 10-12 वर्षांची.

तंत्रज्ञाला सकाळी, दव असताना बोलवा. इन्व्हर्टरपासून स्ट्रिंग सोडवून तो पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोन्ही टोकांवरून अर्थशी मेगर (इन्सुलेशन रोध मोजायचं यंत्र) लावेल. आकडा कमी आला तर स्ट्रिंग अर्धी-अर्धी सोडवून मोजत गेलं की दोषी पॅनल सापडतो.

कुणी वायर आधीच काढली असेल, तर फ्रेमला न शिवता आधी एसी, मग डीसी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करा. उन्हात आयसोलेटर बंद असला तरी पॅनलवर व्होल्टेज असतंच, त्यामुळे वायर परत जोडायचं काम तंत्रज्ञाकडून अंधार पडल्यावरच करून घ्या.